रेकॉर्डच्या दुकानातला गिग: लाइव्ह रेकॉर्डिंग ते एलपी

बी_साइड (धागाकर्ता)

स्वतंत्र रेकॉर्ड दुकानात वाजवायचं, तिथंच रेकॉर्ड करायचं आणि ती तबकडी तसल्याच दुकानांतून विकायची, ही वाट रॉक बँडांनी केव्हाच रुळवली आहे. पर्ल जॅमने २९ एप्रिल २००५ ला सिअ‍ॅटलच्या ईझी स्ट्रीट रेकॉर्ड्समध्ये वाजवलं आणि 'लाइव्ह अ‍ॅट ईझी स्ट्रीट' २००६ मध्ये फक्त स्वतंत्र दुकानांतून विकलं. पॉल मॅकार्टनीने जून २००७ मध्ये हॉलिवूडच्या अमीबा म्युझिकमध्ये वाजवलं, त्याचीही तबकडी निघाली. पहिला रेकॉर्ड स्टोअर डे (स्वतंत्र रेकॉर्ड दुकानांचा वार्षिक दिवस) १९ एप्रिल २००८ चा.

चर्चेसाठी एक सरळ उदाहरण धरू. चौघांचा बँड: दोन गिटार, बास, ड्रम्स, गाणारे दोघे. ५० मिनिटांचा सेट. दुकान लहान, छत खाली, एका बाजूला पूर्ण काच, बाकी सगळीकडे रॅक. शंभरेक माणसं. शेवटी १२ इंची एलपी हवी. कुठून सुरुवात करायची आणि काय काय बिघडतं, ते तपशिलात लिहा. 'चांगले माइक वापरा' छापाचे सल्ले नकोत.

खोबणी

सुरुवात शेवटाकडून करा. माइक नंतर, आधी तबकडीच्या बाजूंचा हिशेब.

३३⅓ आरपीएमवर (मिनिटाला तेवढे फेरे) एका बाजूला १८ ते २० मिनिटं आरामात बसतात. २२ पर्यंत चालतं. त्यापुढे खोबण्या जवळ आणाव्या लागतात, म्हणजे लेव्हल उतरवावी लागते आणि तबकडीची स्वतःची खरखर वर येते. ५० मिनिटांचे दोन भाग केले तर २५-२५ होतात, रॉकसाठी हे जास्त आहे. मग तीन पर्याय उरतात:

सेटमधली दोन-तीन गाणी गाळून ४० वर या. किंवा दोन तबकड्या ४५ आरपीएमवर, बाजूला साडेबारा मिनिटं. आवाज उत्तम, खर्च जवळजवळ दुप्पट. किंवा तीन बाजू १७-१७ मिनिटांच्या आणि चौथी कोरी ठेवायची किंवा तिच्यावर चित्र कोरायचं.

हे गिगच्या आधी ठरवायचं, कारण सेटलिस्ट त्यावर ठरते. तबकडीच्या कडेला ३३⅓ वर सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर खोबण सरकते. लेबलजवळ तेच २१ सेंटीमीटरवर येतं. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत, त्यामुळे झांजा आणि 'स', 'श' तिथे फाटतात. आता रॉक बँड सेट कसा बांधतो? सगळ्यात दणदणीत गाणं शेवटी. म्हणजे नेमकं तिथे, जिथे तबकडी सगळ्यात कमजोर. बाजू जिथे संपणार तिथे मध्यम गतीचं, कमी झांजांचं गाणं आलं तर निम्मी डोकेदुखी टळते.

झांज

@खोबणी, ऑलमन ब्रदर्सच्या मार्च १९७१ च्या फिलमोर ईस्टवाल्या अल्बममध्ये 'व्हिपिंग पोस्ट' अख्खी चौथी बाजू खातं, तेवीसेक मिनिटं. ते कसं चाललं मग?

खोबणी

कारण ते तेवीस मिनिटं एकाच पट्टीत ओरडत नाही. मध्ये लांबलचक हळुवार जागा आहेत. कटिंग लेथला (खोबण कापणाऱ्या यंत्राला) पुढे काय येणार ते आधी कळतं (टेपवर त्यासाठी वेगळं प्रिव्ह्यू हेड असायचं) आणि त्यानुसार खोबण्यांमधलं अंतर कमीजास्त होतं. हळू भागात खोबण्या दाटीने, जोरात सैल. पंक बँडाची तेवीस मिनिटं म्हणजे सगळं जोरात. लेथला वाचवायला जागाच मिळत नाही. मिनिटांचा आकडा एकटा बघू नका. मिनिटं, लेव्हल आणि बास, तिन्हीचं मिळून गणित आहे.

फेडरवर_बोट

रेकॉर्डिंगचं लिहितो. तुमच्या बँडाची इनपुट लिस्ट अशी: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर (कडकडीत छोटा ड्रम) वरून, स्नेअर खालून, हाय-हॅट, दोन टॉम, दोन ओव्हरहेड (ड्रम्सच्या वर टांगलेले माइक), बास डीआय (माइकशिवाय थेट घेतलेला सिग्नल), बास कॅबिनेट (स्पीकर), दोन गिटार कॅबिनेट, दोन गाणारे, प्रेक्षकांचे चार. एकूण १८.

मल्टिट्रॅक (प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक) प्रीअ‍ॅम्पनंतर (म्हणजे माइकचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्या भागानंतर) लगेच घ्या, इक्यू, कॉम्प्रेसर आणि फेडरच्या (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्टीच्या) आधी. पोस्ट-फेडर (फेडरनंतर) घेतलं आणि हॉलवाल्याने (लोकांसाठी आवाज सांभाळणाऱ्याने) दुसऱ्या गाण्यात गिटार खाली ओढली, तर तबकडीतही ती खाली. लहान जागेत हॉल मिक्समध्ये गिटार आणि ड्रम्स जवळजवळ नसतातच, कारण स्टेजवरूनच पुरेसे येतात. म्हणूनच मिक्सरचं दोन-ट्रॅक आउटपुट ऐकलं की नुसता गायक ऐकू येतो आणि लोक हबकतात. त्यात बिघाड काही नाही.

एकच प्रीअ‍ॅम्प हॉल आणि रेकॉर्डिंग दोघांना असेल तर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) कोण फिरवणार ते आधी ठरवा. शो सुरू झाल्यावर गेनला हात लावायचा नाही. वेगळे प्रीअ‍ॅम्प असतील तर ट्रान्सफॉर्मरवाला स्प्लिटर (एकच सिग्नल दोघांना वाटणारा डबा) लावा आणि फँटम पॉवर (माइकला केबलमधून जाणारी वीज) डायरेक्ट बाजूनेच द्या, आयसोलेटेड बाजूने ती पोचत नाही. कंडेन्सर (ही वीज लागणारे माइक) गप्प बसले की आधी हे तपासा.

साउंडचेकला (शोआधीच्या चाचणीत) पीक -१८ च्या, म्हणजे यंत्राच्या कमाल मर्यादेच्या १८ डीबी खाली, आसपास ठेवा. लोक आले की ड्रमर आणि गायक सहज ६ डीबी वर जातात, मग -१२ वर याल. २४ बिटमध्ये एवढी मोकळी जागा सोडून काही गमावत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला १८ चॅनेल म्हणजे तासाला साधारण सव्वानऊ जीबी. सगळे चॅनेल एकाच वेव्ह फाइलमध्ये जात असतील तर २७-२८ मिनिटांत ४ जीबीची मर्यादा येते आणि यंत्र दुसरी फाइल सुरू करतं. जोडताना मध्ये नमुना (सॅम्पल) सुटला नाही ना, ते त्या सांध्यावर कान लावून ऐका. आणि दुसरं यंत्र हवंच. निदान प्रेक्षक माइक आणि दोन-ट्रॅक मिक्स तरी दुसरीकडे जाऊ द्या. लॅपटॉप असेल तर वायफाय, अपडेट, स्क्रीन सेव्हर सगळं बंद.

मोनोभक्त

दुकानाचा स्वतःचा आवाज विसरू नका. खिडकीतली निऑनची पाटी, जुन्या ट्यूबलाइट, दिव्यांचे डिमर, शीतपेयांचा फ्रिज, एसी. सिंगल कॉइल पिकअपची गिटार निऑनच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन मीटरवर धरली की गुरगुर सुरू, गिटारवाला वळला की कमी, परत वळला की जास्त. मिक्समध्ये नॉइज गेट (आवाज बारीक असताना माइक बंद ठेवणारं यंत्र) लावून हे जात नाही, कारण वाजत असतानाही ते खालून चालूच असतं. पाटी बंद करा. मालक कुरकुरेल, फोटोत पाटी हवी असेल, तर फोटो आधी काढा.

डीआयचा ग्राउंड लिफ्ट दाबायला हरकत नाही. अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही काढायची नाही. गिटारची तार आणि माइकची जाळी यांच्यामध्ये गायकाचे ओठ असतात.

काच हा दुसरा शत्रू. ड्रम्स काचेला पाठ करून ठेवले तर स्नेअरचा ठोका मागून परत ओव्हरहेडमध्ये येतो. जाड पडदा किंवा घडी घातलेली ब्लँकेट काचेपासून थोडं अंतर सोडून टांगा. रॅक मात्र भरलेलेच राहू द्या. गच्च लावलेल्या एलप्यांच्या कडा वरचा आवाज शोषतात आणि विखुरतात. जागा करायला रॅक हलवायचेच असतील तर मधले हलवा, भिंतीलगतचे नकोत.

बी_साइड

प्रेक्षक माइक चार कशाला? दोन पुरत नाहीत?

फेडरवर_बोट

दोन जोड्यांची कामं वेगळी. स्टेजच्या दोन कडांना, स्पीकरच्या थोडे मागे, लोकांकडे तोंड केलेले दोन कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारे माइक): यात टाळ्या, शिट्ट्या, एखाद्याची आरोळी जवळून येते आणि पीए (लोकांसाठीचे स्पीकर) कमी येतो. मागच्या बाजूला ओआरटीएफ जोडी, म्हणजे दोन कॅप्सूल १७ सेंटीमीटरवर, कोन ११० अंश: यात खोली येते. एका जोडीवर काम भागवायचं असेल तर स्टेजकडचीच ठेवा. लहान खोलीत मागची जोडी एखाद्या बडबड्या टोळक्याच्या डोक्यावर आली की त्यांच्या गप्पा तबकडीवर कायमच्या. शक्य तितकी उंच लावा.

आता वेळेचं. आवाजाला एक मीटर जायला २.९ मिलिसेकंद लागतात. मागची जोडी १० मीटरवर असेल तर २९ मिलिसेकंद उशीर, ४८ किलोहर्ट्झला सुमारे १४०० नमुने. तशीच मिसळली की स्नेअर दोनदा ऐकू येतो आणि मिक्स पातळ लागतो. उपाय सोपा आहे: शो सुरू होण्याआधी, रेकॉर्डिंग चालू असताना, स्नेअरचे चार सुटे ठोके घ्या, मध्ये दोन सेकंद शांतता. नंतर वेव्हफॉर्ममध्ये स्नेअरच्या माइकवरचा आणि मागच्या जोडीवरचा टोक बघून मागचा ट्रॅक तेवढा आधी (डावीकडे) ओढा. खोली गरम झाली की आवाजाचा वेग किंचित बदलतो, पण एवढ्या अंतरात ते कानाला कळत नाही.

तंतोतंत जुळवल्यावर कधी कधी खोलीच नाहीशी होते, सगळं चेहऱ्यावर येतं. मग ८-१० मिलिसेकंद उशीर परत ठेवा. १५० हर्ट्झच्या खालचं प्रेक्षक माइकांतून कापूनच टाका, तिथे गढूळ बासशिवाय काही नसतं.

झांज

लहान जागेतली खरी लढाई गायकाच्या माइकमध्ये शिरणाऱ्या क्रॅश झांजेशी असते, त्यावर कुणी बोललं नाही. गायकाचा माइक ड्रम्सकडे तोंड करून उभा असतो, गायक दोन पावलं मागे गेला की तो चांगला ओव्हरहेड होतो. गेट लावला तर गाणं सुरू झालं की झांज उघडते, थांबलं की बंद होते. ते अधिक वाईट.

गायकाला ड्रमरच्या समोरून बाजूला सरकवा, अर्धा मीटर सरकवला तरी फरक पडतो. कार्डिऑइड माइक असेल तर मॉनिटर (गायकाकडे तोंड केलेला स्पीकर) बरोबर त्याच्या शेपटीकडे. सुपरकार्डिऑइडची बहिरी जागा मागे नसून साधारण १२५ अंशांवर दोन्ही बाजूंना असते, तेव्हा मॉनिटर तिरका ठेवा. हे उलटं केलं की शिट्टी घुमते. आणि ड्रमरला हलक्या, पातळ झांजा वापरायला सांगा. कुठल्याही प्लगइनपेक्षा याचा गुण जास्त येतो.

खोबणी

@झांज +१. आणि याच गोष्टीचा शेवट कटिंगला होतो. तबकडीसाठी गायकाचा 'स' ५ ते ९ किलोहर्ट्झमध्ये आवरावा लागतो. गायकाच्या ट्रॅकमध्ये क्रॅश शिरलेला असेल तर डी-एसर ('स' आपोआप दाबणारं यंत्र) झांजेवरच चाप ओढतो आणि गायक मधेच बोबडा होतो. अशा वेळी आपोआप चालणारं काही लावू नका. एकेक 'स' शोधून हाताने ३-४ डीबी उतरवा. एका गाण्यात ३०-४० निघतील. कंटाळवाणं आहे, दुसरा मार्ग नाही.

बास आणि किक १५० हर्ट्झच्या खाली मोनो करा. दोन चॅनेलांत उलट्या फेजचा बास आला की खोबण खाली-वर होते, कुठे उथळ तर कुठे नाहीशी, आणि सुई उडते. लाइव्हमध्ये हे प्रेक्षक माइकांमुळे होतं, म्हणून वर १५० खाली कापायला सांगितलंय ते दोन कारणांनी बरोबर आहे.

लिमिटर लावून सपाट केलेला मास्टर कटिंगला पाठवू नका. तबकडीवर त्याने लेव्हल वाढत नाही, उलट कटर हेड तापू नये म्हणून सगळंच खाली घ्यावं लागतं. पाठवायचं काय: प्रत्येक बाजूची एक सलग वेव्ह फाइल, २४ बिट, पीक -३ च्या आसपास, सोबत कागद. कागदावर प्रत्येक गाण्याची सुरुवात मिनिट-सेकंदात, बाजूची एकूण वेळ, आणि मुद्दाम ठेवलेल्या आवाजांची यादी. म्हणजे 'तिसऱ्या गाण्याआधी फीडबॅक आहे, राहू द्या'. द हूच्या लीड्सच्या लाइव्ह अल्बमच्या (१९७०) लेबलवरच छापलं होतं की चटचट आहे ती ठीक आहे, दुरुस्त करू नका. त्यामागे हाच व्यवहार आहे.

दोन गाण्यांमध्ये शांतता टाकू नका. टाळ्या चालू राहू द्यायच्या, खुणेची रुंद खोबण टाळ्यांवरूनच जाते. बाजू संपताना टाळ्या आठ-दहा सेकंदांत विरू द्या, पुढच्या बाजूच्या सुरुवातीला त्या तीन-चार सेकंदांत हळूहळू वर आणा. गाणी गाळली असतील तर टाळ्यांवर टाळ्या जोडा, ३-४ सेकंदांचा क्रॉसफेड. मात्र जोडावर कुणाची ओळखू येणारी आरोळी नको. तीच आरोळी दोनदा आली की चोरी पकडली जाते.

मोनोभक्त

आणि चुकलेले सूर? गिटार सोलो नंतर स्टुडिओत परत वाजवून चिकटवणं कितपत मान्य?

फेडरवर_बोट

नैतिक वाद वेगळा, तांत्रिक अडचण आधी. जुना सोलो ओव्हरहेड, गायकाचे माइक आणि प्रेक्षक माइकांत बसलेलाच असतो. नवा वर ठेवला की मागे जुन्याचं भूत ऐकू येतं. दुकानात तर हमखास. तार वाजलीच नाही किंवा केबल तुटली तर त्याच गाण्याची साउंडचेकची प्रत कामाला येते, म्हणून साउंडचेकही रेकॉर्ड करा. एका दिवशी दोन शो केले तर सोन्याहून पिवळं. डीप पर्पलचं 'मेड इन जपान' ऑगस्ट १९७२ च्या ओसाका आणि टोकियो मिळून तीन शोंमधून निवडलंय.

सुराच्या चुका मात्र ठेवाव्यात असं माझं ठाम मत. दुकानातला अल्बम स्टुडिओसारखा ऐकू आला तर दुकानात गेलात कशाला?

काउंटरमागचा

आता प्रेसिंग (तबकड्या छापणं) आणि दुकान. बँड इथेच गळपटतात.

खोबण आधी लॅकरवर कापतात. लॅकर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर. कापल्यावर तो ठेवून चालत नाही, लवकर प्लेटिंगला (धातूचा थर चढवायला) जावा लागतो, कारण खोबणीच्या कडा बसू लागतात. कॅलिफोर्नियातल्या बॅनिंगचा अपोलो मास्टर्सचा कारखाना ६ फेब्रुवारी २०२० ला जळला, तेव्हा लॅकर बनवणारी जपानची एमडीसी एवढीच मोठी कंपनी उरली. दुसरी पद्धत डीएमएम, थेट तांब्यावर कापायची. वरचा आवाज स्वच्छ आणि बाजूला थोडी जास्त वेळ बसते, पण आधीच कडक असलेल्या लाइव्ह झांजा आणखी टोचू शकतात.

टेस्ट प्रेसिंग (चाचणीच्या प्रती) आल्या की एकच प्रत ऐकून होकार देऊ नका. निदान तीन प्रती, दोन वेगळ्या टर्नटेबलांवर. चट सगळ्या प्रतींत त्याच जागी असेल तर दोष लॅकरचा किंवा स्टॅम्परचा (प्रती छापणाऱ्या साच्याचा), परत पाठवा. एकाच प्रतीत असेल तर त्या प्रतीचा. चेन ओढल्यासारखा फर्र आवाज, बहुधा एकाच चॅनेलला, म्हणजे विनाइल खोबणीत नीट भरलं नाही. लांबवलेला सूर डुलत असेल तर भोक मध्यावर नाही. बाजूचं शेवटचं गाणं हेडफोनवर ऐका, खोबणी म्हणाले ती फाटाफाट तिथेच कळते.

१८० ग्रॅमच्या मागे लागू नका. जड तबकडी हाताला बरी वाटते, आवाज खोबणीत असतो. १४० ग्रॅम सपाट आणि मध्यभागी भोक असलेली निघाली तर ती उत्तम.

दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तर मेकॅनिकल परवाना (ते गाणं तबकडीवर छापायची हक्कदाराची परवानगी) प्रेसिंगच्या आधी हवा, कारखाना कागद मागतो. दुकानाच्या दारावर 'इथे रेकॉर्डिंग होत आहे' अशी पाटी लावा.

बी_साइड

दुकानदार प्रत घेताना नेमकं काय बघतो?

काउंटरमागचा

स्पाइन, म्हणजे कव्हरची अरुंद कड. रॅकमध्ये उभी लावली की तेवढंच दिसतं. त्यावर बँड, नाव, कॅटलॉग नंबर. ब्राउझरमध्ये (तबकड्या चाळायच्या उघड्या खोक्यात) लोक वरच्या कडेने चाळतात, म्हणून बँडचं नाव कव्हरच्या वरच्या एक-तृतीयांश भागात हवं. तळाला बारीक अक्षरात नाव म्हणजे नसल्यात जमा. बारकोड असावा, नसला तर दुकानाला हाताने नोंद करावी लागते आणि ती राहून जाते. '४५ आरपीएम' असेल तर लेबलवर आणि कव्हरवर, दोन्हीकडे. नाहीतर 'रेकॉर्ड हळू वाजते' म्हणून परत येतात.

कन्साइनमेंटवर (विकल्यावर पैसे या बोलीवर) देताना चिठ्ठीवर पाच गोष्टी: प्रती किती, दर प्रत बँडला किती, हिशेब किती दिवसांनी, न विकलेल्या परत कोण नेणार, खराब झालेली कुणाच्या माथी. एक उघडी प्रत दुकानात वाजवायला फुकट द्या. शनिवारी दुपारी स्पीकरवर लागलेली रेकॉर्ड काउंटरवर विचारली जाते.

झांज

रेकॉर्ड स्टोअर डेला काढायची असेल तर?

काउंटरमागचा

अमेरिकेत त्यांची दुकानाची व्याख्या कडक आहे: मुख्य धंदा प्रत्यक्ष दुकानाचा, किमान ५० टक्के माल संगीताचा, कंपनी शेअर बाजारात नसलेली, मालकी किमान ७० टक्के त्याच राज्यातली. बँडाच्या दृष्टीने अडचण वेगळी. त्या सुमाराला कारखान्यांवर गर्दी असते, छोटी ऑर्डर मागे पडते. आणि त्या दिवशी शेकडो नव्या तबकड्यांमध्ये तुमची एक. ज्या दुकानात रेकॉर्ड केलंय तिथे साध्या शनिवारी, छोट्या सेटसह काढा, जास्त विकली जाईल. तारीख मात्र टेस्ट प्रेसिंगला होकार दिल्यावरच जाहीर करा.

बी_साइड

शेवटचा प्रश्न. पोस्टाने पाठवलेल्या प्रतींचे जॅकेट वरच्या कडेला फाटून पोचतात. पॅकिंग जाड करून उपयोग होतो का?

काउंटरमागचा

नाही. तबकडी आत जॅकेटमध्येच सरकते आणि धक्क्याला शिवण कापते. इनर स्लीव्हसकट तबकडी जॅकेटच्या बाहेर काढा, जॅकेटच्या मागे ठेवा, दोन्ही मिळून एका बाहेरच्या प्लास्टिक पिशवीत. दोन्ही बाजूंना रेकॉर्डपेक्षा किंचित मोठे पुठ्ठे, त्यांची पन्हळ एकमेकींना आडवी. सीलबंद हवी म्हणणाऱ्याला आधीच विचारा; श्रिंक (घट्ट प्लास्टिकचं वेष्टन) फोडल्याशिवाय हे जमत नाही. म्हणूनच कारखान्याला श्रिंकऐवजी परत बंद होणारी पिशवी सांगा. आणि दुकानांना २५ चा खोका उभाच पाठवायचा, आडवा रचून नाही.